वस्तऱ्याची नसबंदी

त्या सलूनवाल्याला सगळे वस्तरा म्हणायचे, ते हातातल्या हत्यारापेक्षा जिभेमुळे. कुणाची सून रुसली, कुणाचं लग्न फिसकटलं, खुर्चीत बसलेल्याला सगळं फुकट ऐकायला मिळे. फक्त औषधाच्या दुकानात त्याची दातखीळ बसायची.

तीन मुलं झाल्यावर बायको म्हणाली, आता पुरे. ती घरी मशीनवर कपडे शिवायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं. तांबी बसवली, तर अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली. मग निरोध आणायचं काम वस्तऱ्याकडे आलं. तो दुकानात जाई, आणि ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की खोकल्याचं औषध मागून परत येई. घरात कुणाला खोकला नव्हता, पण बाटल्या साठल्या. आणि बायकोला पुन्हा दिवस गेले.

चौथ्या खेपेला मुलगी झाल्यावर नर्सनं तिला ऑपरेशनचं विचारलं.

"माझं सोसून झालंय. आता ह्यांचं करा."

"मला दिवसभर उभं राहावं लागतं," वस्तरा म्हणाला.

"मग मी काय लोळत शिवते?"

घरी सासूबाई मध्ये पडल्या. "माझ्या मुलाला हात लावायचा नाही. पुरुषाची ताकद जाते."

सुनेनं वाद घातला नाही. नवऱ्याची गादी उचलून सासूच्या खोलीत टाकली. "आई, तुमचा मुलगा तुमच्याजवळच सुखरूप आहे."

वस्तरा असा घोरायचा की भिंतीचे पोपडे पडावेत. आठवडाभरात सासूबाईंचे डोळे सुजले. "जा रे बाबा, उरक एकदाचं."

ऑपरेशन चहा निवेपर्यंत उरकलं. "तीन महिन्यांनी तपासणी. तोवर निरोध वापरायचा," नर्सनं बजावलं, आणि त्याचा चेहरा बघून पाकिटं स्वतःच हातात कोंबली.

विश्रांती घेऊन त्यानं दुकान उघडलं, तर बातमी आधीच पोचलेली; गिऱ्हाइकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्यानं एकेकाच्या तोंडाला फेस फासला, गळ्याशी पातं टेकवलं आणि सगळं सविस्तर सांगितलं. कुणी हसलं नाही. पुढे मात्र दुकान रिकामं बघून एकेक जण हळूच विचारायला लागला, दुखतं का, आणि नंतर... सगळं नीट ना? दोघं जाऊन करूनही आले. बाकीच्यांनी बायकांना पाठवलं.

तपासणी ठीक आली. मग तर वस्तरा लढाई जिंकून आल्यासारखा सांगत सुटला.

"चार बाळंतपणं माझी, आणि कौतुक ह्यांच्या टाक्याचं," बायको नर्सला म्हणाली.

"सांगू दे त्यांना," नर्स म्हणाली. "आमचे फलक कुणी वाचत नाही."