लाल स्टिकर लागलेले तांबे

माझ्या अकरा तांब्यांवर लाल स्टिकर लागले होते. सातपूरच्या एका कारखान्यात, क्वालिटीच्या टेबलावर मी ते पाहिले, तेव्हा आधी वाटलं, दिवाळीची सजावट असेल. लाल म्हणजे रिजेक्ट, हे मग कळलं.

मी तांबट. शाळा चौथीपर्यंत, हातोडी त्याच्याही आधीपासून. इथल्या एचआर मॅडमनी कामगारांना दिवाळीला द्यायला चाळीस तांबे सांगितले होते. दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटायचे. यंदा मॅडमनी साहेबांशी भांडून हाताचं काम आणलं. माल नापास झाला की परत डबेच, आणि मॅडमना पुन्हा तोंड उघडायची सोय नाही.

क्वालिटीचा देवरे तरुण. हातात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप.

"बाबा, पत्रा सगळीकडे सारखा नाही. टॉलरन्सच्या बाहेर जातोय."

"म्हणजे काय?"

"किती फरक चालतो, त्याच्या बाहेर."

"पाणी प्यायचा तांब्या आहे. इंजिनात बसवणार का?"

मॅडम हसल्या. देवरे नाही. म्हणाला, "गेटातून माल आला की मोजायचा. मला तेवढंच सांगितलंय."

आता आमचं काम सांगतो. तांब्या घडला की सगळ्या अंगावर हातोडीचे ठोके घालतात. त्याला मठार म्हणतात. त्याने भांडं कडक होतं, चकाकतं. ठोक्यागणिक पत्रा जरा दबतो. मग जाडी सारखी राहणार कशी? मशीनच्या तांब्यावरही ठोके दिसतात, पण ते छापलेले.

"भांडं मोजत नाहीत, वाजवून घेतात," मी म्हणालो आणि नखाने टिचकी मारत सुटलो. अकराच्या अकरा खणखणीत. देवरे वाकून ऐकायला लागला. मला चेव आला. पास झालेलेही वाजवायला घेतले. कोणी सांगितलं नव्हतं.

सतरावा बसका वाजला.

"काय झालं, काका?" मॅडमनी विचारलं.

गप्प बसता आलं असतं. त्यावर हिरवा स्टिकर होता. पण मी पाणी मागवलं आणि तो तांब्या भरून धरला. गळ्याखाली केसाएवढी रेघ, तिच्यातून थेंब आला. पत्रा ठोकून ठोकून ताठतो. मधेमधे भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, त्याला ताव देणं म्हणतात. घाईत मी एक ताव चुकवला होता.

"हा नापास," मी म्हणालो. "माझी चूक. ह्याला लावा लाल."

देवरेने तांब्या उलटा करून पाहिला. मग अकरा स्टिकर नखाने खरवडून काढले आणि एक त्याला लावला.

"साहेबांनी विचारलं तर?" मॅडम म्हणाल्या.

"वाजवून दाखवीन."

दोन दिवसांनी बदली तांब्या घेऊन गेलो. एकोणचाळीस वाटून झाले होते. उरलेला देवरेचाच होता. त्याने तो कानाशी धरून टिचकी मारली. मान हलवली. मग व्हर्निअरही लावलाच.

आता दुकानातून निघणारं प्रत्येक भांडं मी आधी वाजवतो. इतकी वर्षं वाजवत नव्हतो. आपल्याच हातचं, त्याला काय वाजवायचं, असं वाटायचं.