आल्डहामपर्यंतचा बर्फ

सिट्से लोकांच्या घरांवर बोरूची छपरं शाकारायचा आणि त्याच्या स्वतःच्या आईच्या गोठ्याचं छप्पर सात वर्षं गळत होतं. त्यावरून गावातलं प्रत्येक माणूस त्याला एकदा तरी बोललं असेल. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, की गाईंनी अजून तक्रार केलेली नाही. सोळाव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून तो मामाबरोबर शिडीवर चढला, आणि आमच्या तेरविनमध्ये नि पलीकडच्या आल्डहाममध्ये निम्म्या छपरांवरून त्याचे हात फिरले. चोविसाव्या वर्षी तो शिडीवरून उतरला तो उतरलाच. त्याच हिवाळ्यात त्याने आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ते त्याला मिळालं नाही, आणि त्यात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भलं म्हणायला नको.

आम्ही तिघं एकाच गल्लीतले, एकाच वर्गातले. सिट्से, फेड्डे आणि मी, रेन्स्के. फेड्डे लहानपणापासून म्हातारा. सहाव्या वर्षी तो रस्ता ओलांडण्याआधी दोनदा उजवीकडे बघायचा, आणि आम्ही मधेच पळालो की मागून ओरडायचा. पण कालवा गोठला आणि मास्तरांनी सुट्टी दिली की तोही माणसात यायचा. आम्ही दिवसभर बर्फावर असायचो. शेतांमधल्या चरांवरून घसरत जायचं, ठेंगणा पूल आला की ढुंगणावर बसून खालून पार व्हायचं, अंधार पडायच्या आत घरी. एकदा मी बोरूच्या बेटाजवळ कमरेपर्यंत आत गेले. दोघांनी मला ओढून काढलं, फेड्डेने स्वतःची विजार मला दिली आणि तो लांब कोट गुंडाळून घरी गेला. माझी विजार आम्ही आमच्या सायकलींच्या खोपटात लपवली. दुसऱ्या दिवशी आईला ती भिंतीला टेकून उभी सापडली, गोठून फळीसारखी ताठ. आईने काही विचारलं नाही. आठवडाभर मला सायकल मिळाली नाही, एवढंच.

बर्फ चांगला धरला की तळ्यावरून आल्डहामला जायचं, ही आमच्याकडची रीत. सहा किलोमीटर जायचं, तिथे एक बाई खोक्यावर बसलेली असते, ती आपल्या कार्डावर शिक्का मारते, की परत फिरायचं. त्या शिक्क्याचा उपयोग काडीचा नाही. तरी गावातल्या प्रत्येक घरात ती कार्डं जपून ठेवलेली असतात. आमच्या आईबापांकडे त्यांची चळत आहे. आमच्याकडे तिघांची मिळून सात. आमच्या पिढीच्या वाट्याला बर्फ असा मोजून मापून आला. पुढे तर चार हिवाळे कालव्यावर नुसती साय धरली आणि दुपारी फाटली.

सिट्सेच्या चोविसाव्या वर्षी, वसंतात, त्याचा डावा पाय मागे राहायला लागला. आधी आम्ही त्याला पाय ओढत चालणारा म्हातारा म्हणून चिडवलं, हे आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते. मग तो शिडीवरून घसरला. मग शहरातले डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. स्नायूंचा आजार होता, पायांपासून वर चढत जाणारा. त्यावर औषध नव्हतं. उभं राहणं वर्षभर टिकेल, नशीब असेल तर थोडं जास्त, असं त्याला सांगण्यात आलं.

त्याने हे आम्हाला बटाट्याच्या तळलेल्या फोडींच्या गाडीपाशी सांगितलं. सांगताना तो माझ्याच द्रोणातल्या फोडी खात होता. मला रडू आलं आणि फेड्डे डॉक्टरांचं नाव, पत्ता, दुसरं मत असलं काहीबाही विचारत बसला.

"पुरे रे," सिट्से म्हणाला. "मला एकदा आल्डहामला जाऊन यायचंय. आपण तिघं. बाकीचं मी बघतो."

शहरात बारमाही बर्फाचं सभागृह आहे, तिथे तुला घेऊन जाते, असं मी म्हणाले. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. छताखाली गोल गोल फिरायला तो काही घाण्याचा बैल नव्हता.

नोव्हेंबरपासून मी वेड्यासारखी हवामान बघायला लागले. मी बेकरीत गल्ल्यावर उभी असते. पाव देता देता गिऱ्हाइकांना विचारायचे, थंडी वाढेल का हो? लोकांना वाटायचं हिला स्केटिंगचं खूळ लागलंय. फेड्डे आमच्या गावचा बर्फाचा कारभारी होता. ते काम आधी त्याचे वडील करायचे, आणि गुडघे गेल्यावर त्यांनी ते मुलाला दिलं. एरवी तो दुधाचा टँकर चालवतो. थंडीत रोज सकाळी गिरमिट घेऊन कालव्यावर जायचं, भोक पाडायचं, पट्टीने जाडी मोजायची आणि किती भरली ते धक्क्यावरच्या फळ्यावर लिहायचं. आठ सेंटीमीटर झाल्याशिवाय कोणालाही स्केट्स घालून बर्फावर सोडायचं नाही. त्याच्या वडिलांनी खुद्द पाद्रीबाबांना साडेसातवर परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट फेड्डे स्वतःचा पराक्रम असल्यासारखी सांगायचा.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वारा पूर्वेकडून फिरला. सोमवारी तीन. मंगळवारी साडेचार. बुधवारी साडेपाच. रविवारी हवा सैल होणार असा अंदाज होता, म्हणजे शनिवार हा एकच दिवस हातात. सिट्से तोवर काठी घेऊन चालत होता. आम्ही ठरवलं होतं की एक लांब काठी आडवी धरायची, फेड्डे पुढे, मी मागे, सिट्से मधे. तसे म्हातारे लोक जातातच. त्याने स्केट्सना धार लावून आणली. बुधवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने आईने केलेलं वाटाण्याचं सूप दोन वाडगे खाल्लं. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

गुरुवारी पहाटे हिम पडलं, वीतभर. बर्फावर हिम पडलं की गोधडी घातल्यासारखं होतं. खालचा बर्फ वाढायचा थांबतो. ते झाडावं तर लागतं, पण साडेपाचवर यंत्र घालता येत नाही. फेड्डेने सकाळी आठला गावाला निरोप दिला. ज्यांचं वजन कमी आहे त्यांनीच यावं, खराटा आणावा, एकमेकांपासून दहा पावलं लांब राहावं, कुठेही दोघांनी उभं राहून गप्पा मारू नयेत. कशासाठी चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं. सिट्सेचं नाव कोणी काढलं नाही, पण चाळीस माणसं आली. शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. ज्यांच्या घरावर त्याने छप्पर घातलं ते आले. तो स्वतः काठावर खुर्ची टाकून बसला होता आणि प्रत्येकाच्या झाडण्याला नावं ठेवत होता.

कालव्यावरचं चॉकलेट-दुधाचं टेबल आमच्या घराकडे. आजीनंतर आईने ते लावलं, आईचे खांदे दुखायला लागल्यावर मी. अकरा वाजता मी दोन मोठी पातेली उकळून नेली. लोक तीन तास थंडीत राबत होते, माझ्या मित्रासाठी राबत होते. मला वाटलं, एवढं तरी करावं. आणि टेबल मी लावलं ते नेहमीच्या जागी, वळणावर, बर्फावर. तिथेच ते कायम असतं. पायांत स्केट्स असले की माणसाला काठावर चढता येत नाही, म्हणून आजीपासून ते बर्फावरच. त्या दिवशी कोणाच्याही पायांत स्केट्स नव्हते. सगळे बुटांत होते. टेबल काठावर लावलं असतं तर सगळे दोन पावलं चढून आले असते. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"दूध तयार आहे," मी म्हणाले.

फेड्डे तळ्याच्या तोंडाशी होता, लांब. त्याने बघितलं तोवर तीस माणसं टेबलाभोवती जमली होती. बर्फ आधी नुसता कण्हला. मग मधोमध एक रेघ गेली आणि तिच्यातून पाणी वर आलं, बुटांच्या वर. पळा म्हणायची गरज पडली नाही. सगळे काठावर पोचले, कोणाला काही झालं नाही. टेबलाचा एक पाय आत गेला, पातेली कलंडली आणि त्या पांढऱ्या हिमावर सगळं चॉकलेट पसरलं. पाणी मात्र हिमाखालून सरकत राहिलं. तासाभरात धक्क्यापासून पुलापर्यंत सगळा लगदा झाला.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. मास्तरीणबाईंनी माझी पातेली बाहेर काढून दिली. घरी आई एवढंच म्हणाली, की टेबल नेहमी तिथेच असतं. तिने मला बदडलं असतं तर बरं झालं असतं. करायला गेले काय आणि झालं काय!

शुक्रवारी फळ्यावर आकडा लिहिला गेला नाही. शनिवारी सकाळी फेड्डेने सहा लिहिलं, आणि त्या सहामधले वरचे दोन गोठलेल्या लगद्याचे, म्हणजे नावाला. आम्ही तिघंच धक्क्यावर होतो. सिट्सेने स्केट्स गळ्यात अडकवले होते.

"मला एकट्याला सोड," तो फेड्डेला म्हणाला. "आल्डहामला नको. पुलापर्यंत."

फेड्डे नाही म्हणाला.

"अरे, माझं वजन आता किती उरलंय? सहावर माणूस चालतो, तूच सांगतोस."

मीही मधे पडले. म्हटलं, फेड्डे, तुझा नियम एक दिवस बाजूला ठेव, मी काठावरून दोर घेऊन चालते. मी रडत होते, आणि माझ्या रडण्याची मलाच चीड येत होती. फेड्डेने गिरमिट खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बर्फ धरेल रे," तो म्हणाला. "तुझे पाय धरतील का?"

सिट्सेने स्केट्स गळ्यातून काढून माझ्या हातात दिले, कारण काठी टेकत उतारावरून जाताना ते त्याच्या छातीवर आपटत होते. घरापर्यंत आम्ही दोघं त्याच्या मागे चाललो. फेड्डेचा मला त्या क्षणी इतका राग आला होता की त्याला कालव्यात ढकलून द्यावं. आणि तो बरोबर होता. पडला असता तर सिट्सेला स्वतःहून उठता आलं नसतं, आणि एका जागी दोघांचा भार त्या बर्फाने पेलला नसता, म्हणून त्याला काढायला कोणाला जाता आलं नसतं. रविवारी पाऊस लागला. सोमवारी कालव्यात बदकं पोहत होती.

त्यानंतर फेड्डे सिट्सेकडे तीन आठवडे गेला नाही. मग एका रविवारी शिडी घेऊन गेला आणि गोठ्याचं छप्पर शाकारायला लागला. त्यातलं त्याला ओ की ठो येत नव्हतं. सिट्से खाली अंगणात बसून त्याला दिवसभर शिव्या घालत होता. त्यांचं भांडण तिथे मिटलं. माझ्याशी भांडायला मात्र कोणी आलं नाही, त्यामुळे माझं काही मिटलं नाही. एकदा मीच सिट्सेपाशी टेबलाचा विषय काढला. तो म्हणाला, दूध चांगलं होतं, मी दोन कप प्यायलो. एवढ्यावर त्याने मला गप्प केलं.

ऑगस्टमध्ये त्याला चाकांची खुर्ची आली. डिसेंबरमध्ये थंडी आली, आणि अशी आली की आईलाही तिच्या तरुणपणातली आठवावी. दहा दिवसांत फेड्डेने फळ्यावर चौदा लिहिलं. आयुष्यात त्याने लिहिलेला तो सगळ्यात मोठा आकडा, आणि तो त्याने इतका बारीक लिहिला की जवळ गेल्याशिवाय दिसू नये.

मी जाणार नव्हते. तसं मी सिट्सेला सांगायलाही गेले. त्याने मला खिडकीतून बाहेर बघायला लावलं. अख्खं गाव कालव्याकडे निघालं होतं.

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला. "जा. आणि फेड्डेला एकट्याला सोडू नकोस, तो मोजत बसेल."

म्हटलं, तुला खुर्चीसकट ढकलत नेतो. तसे नेतात लोक. त्याने मान हलवली. थंडीने त्याचे पाय आखडायचे, मग रात्रभर कळा. हे मला माहीत होतं. तरी विचारलं, म्हणजे मला विचारल्याचं समाधान.

मी आणि फेड्डे निघालो. पुलाखालून बाहेर पडलो आणि समोर तळं उघडं पडलं, काळं, आरशासारखं, एक ओरखडा नाही. वारा पाठीशी होता. मी पाय टाकला आणि मग टाकतच गेले. फेड्डे मागे पडला, मी थांबले नाही. आल्डहामच्या बाईने कार्डावर शिक्का मारला आणि विचारलं, एवढ्यात पोचलात? मी हसले. येताना समोरून वारा होता आणि त्यातही मी काहीतरी गुणगुणत होते. पुलापाशी परत आल्यावर सिट्सेच्या घराचं धुराडं दिसलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. जायचे सहा आणि यायचे सहा किलोमीटर मी सुखात होते. त्या सगळ्या वाटेत मला त्याची एकदाही आठवण आली नव्हती.

तशीच त्याच्याकडे गेले. तो खिडकीपाशीच होता.

"कसा होता बर्फ?" त्याने विचारलं.

"खडबडीत," मी म्हणाले. "वाऱ्याने सगळी मजा घालवली. तुझं काही गेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझे गाल लाल होते, धाप अजून ओसरली नव्हती.

"खोटं बोलतेस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने हाताने समोरची खुर्ची दाखवली. "बस. धक्क्यापासून सुरुवात कर. आणि घाई करू नकोस."

मी बसले, आणि सांगायला लागले.