मयताची खरी सही

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत चुकीची माणसं पकडली, हवी ती सुटली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्याचं आता फारसं काही वाटत नाही. ही केस मात्र मी जिंकलो होतो, आणि तीच सलते.

मी मूळचा निपाणीचा. त्या वेळी बेळगावकडच्या एका औद्योगिक वसाहतीच्या ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत बहुतेक फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारे कारखाने. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत टेकतो न टेकतो तोच कंग्राळीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिने पिशवीतून कागदाची घडी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, ही सही आमच्या ह्यांची हाय. पर कागद संक्रांतीनंतरचा हाय, आनि हे तर तुळशीच्या लग्नाआधीच गेले. मेलेला मानूस सही कशी करतोय?"

तिचा नवरा फाउंड्रीत साच्यांची वाळू झटकायच्या कामावर होता. ती बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत बसली आणि तो गेला. त्याच सुमारास सरकारने एका नियमाचा मसुदा काढला होता. प्रत्येक फाउंड्रीत धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवायची आणि कामगारांची छाती दरवर्षी तपासायची. कारखानदारांच्या संघटनेला तो नियम नको होता. म्हणून सरकारकडे कामगारांच्या नावाने पत्र गेलं: आम्हाला धुळीचा त्रास नाही, नियम आला तर कारखाने बंद पडतील आणि आमची नोकरी जाईल. पाठीमागच्या पानांवर शंभरावर सह्या होत्या. नवऱ्याच्या आजाराच्या कागदांसाठी बाई कामगार खात्यात खेटे घालत होती. 'तुझ्या नवऱ्यानंच त्रास नाही म्हणून लिहून दिलंय,' असं म्हणून तिथल्या कारकुनाने तिला प्रत काढून दिली.

मी भरपाईचं विचारलं तर ती फटकन म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या. त्यांच्या जागंवर माझा धाकटा दीर लागलाय. त्यो बी खोकाय लागलाय. नियम आला तर त्यो तरी वाचंल."

मी फिर्याद नोंदवून घेतली. खात्याने प्रत ठेवून मूळ पत्र आमच्या ताब्यात दिलं. साधी बनावट सहीची केस, असं धरून मी मयताची बँकेतली सही मिळवली आणि दोन्ही हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवल्या. अहवाल आला, सही त्याचीच आहे. मी चक्रावलो. खरं तर बाई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती, पण तक्रारदाराचं अर्धंच ऐकायची सवय आम्हाला नोकरीतच लागते.

खबर आणली आमच्या हवालदाराने. हा काकतीचा गडी, पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर कामगारांत बसायचा. एक जुना साचेकार त्याला सहज बोलून गेला होता, "सही खरीच हाय रं. खंडेनवमीला डबा घेताना सगळ्यांनीच केलती. कागद कशाचा हाय ते कोन बघतंय?"

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे कारखाना धुऊन-पुसून यंत्रांची पूजा होते. कामगार बायकोला, पोरांना घेऊन येतात. मालक आपल्या हाताने मिठाई आणि स्टीलचा डबा देतो, आणि डबा मिळाल्याची सही घेतली जाते. त्या दिवशी कागद वाचत बसणं म्हणजे मालकाच्या प्रसादावर संशय घेणं. मीसुद्धा डोळे झाकून सही केली असती.

मी सह्यांची पानं उजेडात धरली. कडेला जागोजाग फिकट लाल बोटं उमटलेली, कुंकवाची. कोपऱ्यात आधीच्या पिनेची भोकंही होती. डब्याच्या यादीची ही पानं सोडवून पत्राला जोडली होती.

संघटनेचे चिटणीस शहरातल्या जुन्या घरातले, गोड बोलणारे गृहस्थ. जबाबाला आले तेच माझ्या तब्येतीची चौकशी करत.

"सह्या कुठे घेतल्या?" मी विचारलं.

"कामगारांच्या बैठकीत, साहेब. पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं."

"बैठकीला हळदीकुंकू होतं?"

"छे! ते कशाला असेल?"

मी पानं त्यांच्यापुढे सरकवली. "मग ही बोटं कसली? आणि मयत माणूस बैठकीला कसा आला, तेही सांगून टाका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. सरकारला सगळेच पत्रं देतात. आम्ही सह्या जरा सोयीच्या लावल्या, इतकंच." मग मुकाट्याने सगळं सांगून जबाबावर सही केली.

हवालदार खूश झाला. बाईही आली, पण ती दुसऱ्याच घाईत होती. "साहेब, बेंगळूरात त्या नियमाची समिती पुढल्या आठवड्यात बसतीया म्हनं. ह्या सह्या फसवून घेतल्यात, एवढा एक कागद लिवा की त्यांना."

मी म्हणालो, "अक्का, नियम करायचा की नाही हे सरकार बघेल. आम्ही गुन्हा बघायचा. दोषारोपपत्र कोर्टात जाऊ दे, मग सगळ्यांना कळेलच."

बोलणं कायद्याला धरून होतं. पण आमच्या नाक्यावरची बॅरिकेड्स संघटनेने दिली होती. गणपतीच्या बंदोबस्तात शिपायांचं जेवण तिकडूनच यायचं. चिटणीस माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढत होते. मला कुणी फोन केला नाही, कुणी दबाव आणला नाही. त्याची गरजच नव्हती. मला भीड पडली, आणि त्या भिडेला मी कायद्याचं नाव दिलं. एक पान लिहायला दहा मिनिटं लागली असती.

समिती बसली. खुद्द कामगारांचाच विरोध आहे, असं कारण देऊन तिने सक्ती काढून टाकली. नियमाची नुसती सूचना झाली, ज्याला वाटेल त्याने पाळावी. आमचं दोषारोपपत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी कोर्टात गेलं. पुढे यथावकाश चिटणिसांना दंड झाला आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं.

कारखानदारांनी सरकारपुढे आपली बाजू मांडावी, त्यात गैर काही नाही. त्यांचंही पोट त्यावरच आहे. पण धोरण फक्त राजधानीत ठरतं, ही माझी समजूत तेव्हा गेली. कुणाचं म्हणणं वेळेवर पोचतं आणि कुणाचं नाही, हे खाली, माझ्यासारख्यांच्या टेबलावर ठरत असतं. लबाडी त्यांनी केली, पण ती पचू दिली मी.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टात आली होती. बरोबर दीर होता, पस्तिशीही न गाठलेला. कोर्टाच्या पायऱ्या चढताना तो दोनदा कठड्याला धरून थांबला. ती त्याच्यासाठी थांबली आणि मला म्हणाली, "साहेब, तवा तुमी त्यो कागद लिवला असता, तर झाला असता का वो नियम?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांगता येत नाही, अक्का," मी म्हणालो. आयुष्यभर मी लोकांचे खोटे जबाब पकडले. त्या पायरीवर मी स्वतः एक दिला, आणि तिने तो खरा मानला.