कमीकरांची पांढरी जागा

आमच्या ऑफिसात कमीकर आडनावाचा कुणी नोकरीला नव्हता, तरी फोन यायचे ते कमीकरांनाच. कुठलंही डिझाइन समोर ठेवा, माझ्या शेजारच्या टेबलावरचा हा गडी मान तिरकी करून बघणार आणि म्हणणार, "कमी कर." रंग कमी कर, मजकूर कमी कर, ते फूल कशाला, कमी कर. शेवटी ते त्याचं आडनावच होऊन बसलं.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "वस्तू काढू नका हो," तो नव्या लोकांना सांगायचा, "वस्तूच्या भोवतालचं काढा. वस्तू आपोआप उरते." एका कुलपांच्या दुकानासाठी त्यानं काळा चौकोन काढला आणि मधे किल्लीच्या भोकाच्या आकाराचा कागद कोरा ठेवला. जरा मागे होऊन पाहिलं की त्या कोऱ्या भोकात दारात उभा राहिलेला माणूस दिसायचा. शेजारच्या टेबलावर मी रंगांची उधळण करून घाम गाळणार आणि हा काही न काढता भाव खाऊन जाणार. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्याला लहानाचं मोठं केलं ते मावशीनं, शिवणाचा क्लास चालवून. क्लासातल्या बायकांनी शिवलेल्या कपड्यांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा पोस्टरचं काम घेऊन ती स्वतः ऑफिसात आली.

"चित्र तुला हवं ते काढ," ती म्हणाली. "पण नावं सगळ्यांची घाल हं. मी शब्द दिलाय त्यांना. कुणाचंच नाव आजवर कुठे छापून आलेलं नाही."

"घालतो गं."

चित्र बघायला मी माझं काम टाकून उठलो. उघडलेली काळी कात्री, आणि दोन पात्यांच्या मधे उरलेल्या पांढऱ्यात मान वाकवून शिवत बसलेली बाई. बाकी सगळा कागद कोरा. नावं त्यानं खाली लावून पाहिली, बाजूला लावून पाहिली, बारीक केली, आणखी बारीक केली. मग मान तिरकी केली. पुढचं सांगायला नकोच.

"अरे, मावशीनं बजावलंय," मी म्हटलं.

"छापून आल्यावर तिलाच पटेल."

प्रदर्शनाच्या दिवशी मीही गेलो. हॉलच्या दाराशी पुरुषभर उंचीचं पोस्टर लावलेलं. बायका स्वतः शिवलेले कपडे घालून, घरच्यांना घेऊन आलेल्या. एकीनं सासूला हाताला धरून पोस्टरपाशी आणलं आणि ती बोट फिरवत नाव शोधू लागली. वरून खाली, परत वर. तिच्यामागे बाकीच्या गोळा झाल्या. अखेर तिचं बोट तळाच्या कोपऱ्यात थांबलं. "संकल्पना व मांडणी," तिनं मोठ्यानं वाचलं आणि पुढचं नावही वाचलं. "हे कोण?"

कमीकर माझ्या शेजारीच उभा होता. स्वतःचं नाव तेवढं गाळायचं त्याला सुचलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा चेहरा झाला त्याचा. मलाच बघवेना.

मावशीनं पोस्टर पाहिलं. मग एकदाच भाच्याकडे पाहिलं.

"अगं, छापील नाव काय, कुणाचंही असतं," ती त्या बाईला म्हणाली. "मला तुमच्या सह्या हव्यात. त्यासाठीच तर एवढी जागा ठेवलीय त्यानं." आणि तिनं पर्समधून कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल काढली.

मग काय, झुंबड उडाली. कुणी मोठ्या अक्षरांत, कुणी लाजत कडेला. दोघींनी तर पात्यांच्या मधोमधच नावं लिहिली, तशी ती शिवणारी बाई दिसेनाशी झाली. कमीकर बघत राहिला. त्याला 'कमी कर' म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

"काय डोकं चालतं हो तुमचं!" सासूबाई त्याला म्हणाल्या. "कसं सुचलं?"

त्याचे कान लालभडक झाले होते. "मला नाही सुचलं," तो कसाबसा म्हणाला. "मी... मी तुमची नावं काढून टाकली होती."

सगळ्या खळखळून हसल्या. "थट्टा करतायत! मोठेपणा घ्यायला नको म्हणून. मावशी, भाचा गुणाचा आहे हो तुमचा."

मावशी मात्र हसली नाही. ती पुढच्या बाईसाठी पेन्सिलीला टोक करत होती.