पाटाएवढा पडदा

बाबांच्या कपाटाचा खालचा कप्पा मी सगळ्यात शेवटी उघडला. बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते. त्या कप्प्यात आईची रीळ असणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तो मागे ठेवला होता. पत्र्याची चपटी डबी, भोवतीची चिकटपट्टी वाळून सुटलेली. आत करंगळीच्या नखाएवढी रुंद फिल्म, गुंडाळून ठेवलेली. ती दाखवायचं यंत्र आमच्या घरात कधीच नव्हतं. ती रीळ मी एकाच दुपारी पाहिली आहे, आणि त्या दुपारचा राग, भीती आणि घाम मला अजून जसाच्या तसा आठवतो.

तेव्हा आम्ही कलकत्त्याला होतो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून बदली होऊन आलेले. भवानीपूरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे स्वयंपाकघर. मी कॉलेजात, धाकटी बहीण शाळेत. लाइट रोज जायचे, परत कधी येतील याचा काही भरवसा नसायचा. मेणबत्त्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या असायच्या.

आई पावसाळ्यात काविळीने गेली. आजारपण जेमतेम आठवड्याचं. नागपूरला तार केली, आजी लगेच निघाली, पण पुढे रूळ पाण्याखाली गेले म्हणून गाडी वाटेत अडकून पडली. आजी हावड्याला उतरली तेव्हा स्मशानघाटावरून माणसं परतलीसुद्धा होती. ही आईची आई. चार वर्षं लेकीची भेट नव्हती. ती आली आणि आमच्यासाठी राहिली. स्वयंपाक करायची, धाकटीच्या वेण्या घालायची, आणि मधूनच, तांदूळ निवडताना, कोणाकडे न पाहता म्हणायची, "माझ्या पोट्टीचं तोंड नाही दिसलं मला."

घरात आईचे फोटो होते, पण ते लग्नातले, नाहीतर आम्हा मुलींना पुढे करून स्वतः मागे अर्धी झाकलेली. शेवटच्या दोनतीन वर्षांतला एकही नव्हता.

मग ती रीळ आली. आदल्या हिवाळ्यात ऑफिसातली चारपाच कुटुंबं बराकपूरला नदीकाठी सहलीला गेली होती. बाबांच्या बरोबरीचे एक बंगाली गृहस्थ, आम्ही त्यांना काकाबाबू म्हणायचो, त्यांनी नवा सिनेकॅमेरा घेतला होता. त्यात आई आली होती. रीळ भरेपर्यंत काही महिने गेले, ती धुवायला मुंबईला पाठवली, आणि परत आली तेव्हा आई नव्हती. काकाबाबूंनी घरी एकटंच बसून एकदा चालवून पाहिली आणि बाबांना ऑफिसात हळूच सांगितलं, "बउदी येते त्यात. नदीकडून वर येते. थोडाच वेळ, पण स्पष्ट आहे." आईला ते बउदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे.

आजीचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. मामाकडे तिच्यावाचून अडलं होतं आणि तिचं वय पाहता ती पुन्हा एवढ्या लांब येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी रीळ दाखवायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत थांबून चालणार नव्हतं. आमच्या भागात संध्याकाळी लाइट हमखास जायचे.

रविवारी सकाळपासून बाबा समोरच्या खोलीची भिंत रिकामी करत होते. कॅलेंडर उतरवलं, खिळे उपटले, कपाट सरकवलं. मग त्यांनी मला टेप धरायला लावली आणि जमिनीपासून मोजून भिंतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली.

"हे काय, बाबा?"

"तुझी आई. इथपर्यंत यायची."

ते रेघेसमोर उभे राहिले. रेघ त्यांच्या खांद्याशी होती. "एवढी दिसली पाहिजे," ते म्हणाले. "माणूस माणसाएवढं दिसलं पाहिजे."

काकाबाबू दुपारी टॅक्सीने प्रोजेक्टर घेऊन आले. आम्ही खिडक्यांवर घोंगड्या लावल्या. उकाडा होता, पण पंखा बंद ठेवला, कारण व्होल्टेज आधीच कमी होतं. आजी स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसली. जावई खोलीत असला की ती तिथेच बसायची. बाबांशी ती थेट बोलतही नसे. काही सांगायचं झालं तर बाबा समोर असतानाही माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, पानं वाढलीत." बाबाही तसेच. त्या दोघांच्या मधल्या बोलण्यात आई असायची, आता मी होते.

भिंतीवर माणसाएवढं चित्र पाडायचं तर यंत्र पार मागच्या खोलीत न्यावं लागत होतं. काकाबाबूंनी आधी त्यांची स्वतःची रीळ चढवून पाहिली, भाचीच्या लग्नाची. मधल्या दारातून उजेडाचा झोत गेला आणि भिंतीवर नवरी उभी राहिली. पण तिचं तोंड म्हणजे ताटात रवा सांडावा तसं दिसत होतं. दाणे आणि दाणे, आणि ते सारखे वळवळत होते. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. सगळं मळकट, अंधारलेलं.

"दादा, इतना बड़ा मत कीजिए," काकाबाबू म्हणाले. "सिर्फ दाना-दाना दिखेगा." त्यांनी करंगळीचं नख पुढे केलं आणि त्याचा अर्धा भाग अंगठ्याने झाकला. "तस्वीर तो इतनी ही है. दीवार जितनी करेंगे तो भी इतनी ही है."

"ते कळतं मला," बाबा मराठीतच म्हणाले, मग हिंदीवर आले. "तो क्या करें? उसकी माँ को गुड़िया बनाके दिखाएँ?"

"आधा कीजिए. मशीन इस कमरे में लाते हैं. साफ आएगा."

"नहीं."

काकाबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आजीकडे वळले. आजीचं मजेशीर होतं. मोतीबिंदू पिकायला लागल्यापासून लांबचं धूसर झालं होतं, पण नाकाशी धरलं तर तांदळातला खडा अचूक दिसायचा.

"आजी, तिथून दिसतंय का तुला?"

"उजेड हालतोय बाई. कोणी आहे वाटतं."

"मग पुढे ये ना. खुर्ची देते."

"नको, नको. तिथे बाबा आहेत. त्यांना म्हणावं, चालू द्या. मला कळेल माझी पोट्टी."

बाबांनी हे ऐकलं, आणि काकाबाबूंना मान हलवून खूण केली. आईची रीळ चढली.

पहिल्यांदा नुसती नदी आली, पांढरीफटक, डोळ्यांना खुपणारी. मग होडीचं टोक. मग घाटाच्या पायऱ्या, आणि खालून वर येणाऱ्या बायका, सगळ्या भिंतीवर करड्या आणि उंच. यंत्राचा खडखडाट सोडला तर घरात काही आवाज नव्हता. मला आई दिसली. चेहऱ्यावरून नव्हे, डाव्या हातात चपला धरून चालण्यावरून. दुसरा हात तोंडावर होता. ती हसत असणार.

"यातली कुठली?" आजीने मागून विचारलं.

आजीचा आवाज चढला. "अगं, कुठली यातली? सांगा ना कोणीतरी!"

धाकटी उठून धावली. "ही, आजी! ही बघ!" तिने भिंतीवर हात ठेवला आणि तिची काळी सावली नेमकी आईवर पडली.

"बाजूला हो!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की धाकटी खालीच बसली.

आई आता वरच्या पायरीवर होती. तिचं डोकं बरोबर पेन्सिलीच्या रेघेला लागलं. तिने तोंडावरचा हात काढायला सुरुवात केली.

"रोको! वहीं रोको!"

"नहीं दादा, रुकने से जल जाएगा—"

पण बाबा तोवर यंत्रापाशी पोचले होते. त्यांनी खटका मागे ओढला. खडखड थांबली. आई भिंतीवर स्थिर उभी राहिली, रेघेएवढी, आमच्याकडे बघत. तेवढ्यात तिच्या खांद्याजवळ एक तांबूस डाग उमटला. तो पसरला, त्याला बुडबुडे आले, आणि डोळ्यांदेखत तिचा गळा आणि तोंड वितळून गेलं. काकाबाबूंनी प्लग खेचला.

अंधारात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

"आई जळली?" धाकटीने विचारलं.

आईला पोचवायला स्मशानघाटावर आम्हा दोघींना नेलं नव्हतं. त्याबद्दल तिने तोवर एक शब्द विचारला नव्हता. तिला मी जवळ ओढलं.

काकाबाबूंनी घोंगडी जराशी वर करून उजेडात फिल्म तपासली. बाबा कॉटच्या कडेवर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे. काकाबाबूंनी कात्रीने जळालेला तुकडा काढला, दोन टोकं चिकटवली, आणि फक्त एवढं म्हणाले, "थोड़ा ही गया है, दादा." बाबांनी वर पाहिलं नाही. बाहेर ट्राम घंटी वाजवत गेली. घड्याळाकडे बघायची मला भीती वाटत होती. लाइट जायची वेळ होत आली होती.

तेव्हा आजी उठली. उंबरा ओलांडून खोलीत आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अहो."

बाबांनी दचकून मान वर केली.

"भिंतीवर नका लावू. भिंतीवर मला कोणीच नाही दिसत. मला जवळचं दिसतं. तिला माझ्या मांडीवर द्या."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मला मात्र समजलं. मी स्वयंपाकघरातून आजीचा पाट आणला, नकाशे काढायचा माझा पांढरा जाड कागद त्यावर टाचण्यांनी ताणून बसवला. आजी जमिनीवर बसली, गुडघे वर घेतले, पाट गुडघ्यांना टेकवून स्वतःच्या तोंडाकडे तिरका धरला. काकाबाबूंनी यंत्र तिच्या पाठीमागे टेबलावर आणलं. झोत तिच्या खांद्यावरून खाली पडायला हवा होता, म्हणून यंत्राच्या मागच्या पायांखाली माझा शब्दकोश सरकवला. भिंग पुढे-मागे केलं. कागदावर एक चौकोन उमटला, पोस्टकार्डाएवढा, इतका लख्ख की आजीची हनुवटी उजळली.

नदी निळी होती. भिंतीवर ते कळलंच नव्हतं. होडीच्या टोकाला रंगवलेला डोळा दिसत होता.

पण आजीचे हात थरथरत होते. पाट हलला की चित्र पुसट व्हायचं. "धरवत नाही गं," ती म्हणाली, "जाईल ती, धरा कोणीतरी." मी पुढे व्हायच्या आत बाबा उठले होते. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पलीकडून पाटाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. चित्र थांबलं. बाबांच्या बाजूला पाटाचं नुसतं लाकूड होतं. त्यांना फक्त आजीचं तोंड दिसत होतं.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

"आली," आजी म्हणाली. "पायऱ्या चढतेय. चपला हातात आहेत, बघा, लहानपणापासून अशीच. हिरवं लुगडं आहे, मीच दिलेलं, मंगळागौरीचं. तोंडावर हात. पुढचा दात पडला तेव्हापासूनची खोड, दुसरा आला तरी गेली नाही." ती भरभर, थेट त्यांच्याशी बोलत होती. "वाळलीय हो. खात नव्हती का?"

"खायची," बाबा म्हणाले. "आधी आम्हाला वाढून."

रीळ संपली. कोणी न सांगता काकाबाबूंनी ती गुंडाळून पुन्हा लावली. मी आजीच्या पाठीशी उभी राहून बघत होते. आई वर यायची, वरच्या पायरीवर पोचायची, हात ओठांवरून खाली यायला लागायचा, आणि जोड यायचा. चित्र उडायचं, आणि ती पाठमोरी झालेली असायची, धाकटीला हाक मारायला वळलेली. हात पूर्ण खाली आलेली आई त्या फिल्मवर आता नव्हती. ती कात्रीने कापलेल्या तुकड्यात होती.

तिसऱ्यांदा आई निम्म्या पायऱ्या चढली आणि लाइट गेले. यंत्राची घरघर मंदावत थांबली. घोंगडीच्या फटीतून आलेल्या उजेडात मला दिसलं, बाबा पाट तसाच धरून बसले होते. त्यांचा घाम पाटाच्या कडेवर ठिबकत होता.

"हात खाली घेतला का तिनं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बसलेला होता. "शेवटी हात घेते ती खाली. तोंड दिसलं का तुम्हाला?"

आजीने कागदावर तळवा ठेवला. कागद आता नुसता पांढरा होता.

"घेतला की," ती म्हणाली. "दिसलं. सगळं तोंड दिसलं मला. आता सोडा तो पाट, हात दुखतील तुमचे."

बाबांनी पाट सोडला. मग ते उठले आणि खिडकीवरची घोंगडी काढायला गेले, आणि बराच वेळ तिथेच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. काकाबाबूंनी रीळ डबीत घालून मेजावर ठेवली. ती पुन्हा लावायची गोष्ट बाबांनी नंतर कधीच काढली नाही, आणि मीही नाही.