हत्तीचा पाचवा पाय

सन एकोणीसशे तेहेतीस. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि माझ्यासारखा जरीचा टाका घालणारा माणूस बोर्ली पंचतनपासून श्रीवर्धनपर्यंत दुसरा नव्हता. ही बढाई नाही. नव्हता म्हणजे नव्हताच. माझी शाळा मराठी दुसरीत सुटली ती सुटली, सुई मात्र सुटली नाही. मुंबईत एका नाटक कंपनीच्या कपडेपटात मी सात वर्षं काढली. पेशव्यांचे अंगरखे, सरदारांचे शेले, राण्यांच्या चोळ्या, सगळं या हातांनी भरलेलं. पुढं बोलपट आले, कंपनी मोडली, आणि मी सुया, कात्री नि जरीची चार रिळं घेऊन आगबोटीनं गावी परत आलो.

गावात मला कारागीर कोण म्हणणार? आम्ही जातीनं शिंपी. बंड्या, पैरणी शिवायच्या, ते आमचं काम. मी अंगणात बसून फुलंवेली भरायला लागलो की पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या आणि पुरुष उगाच खोकून पुढं जायचे. "नाटकवाले, आज कुठल्या राणीची चोळी?" असं विचारायचे. मी उत्तर देत नसे. दिलं तर भांडण व्हायचं.

म्हणून गावकीनं देवीच्या पालखीचा गलेफ मला करायला दिला तेव्हा मी मनाशी ठरवलं, हे काम शिमग्याला पालखीवर चढू दे, मग बघतो कोण खोकतो ते. पालखीच्या वाकड्या दांड्यावरून दोन्ही अंगांना सोडायचं जरीचं कापड, त्याला गलेफ म्हणतात. आमचा जुना गलेफ पेशवाईतला, असं सगळे सांगत. लाल बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, विटून कौलासारखी झालेली, जर काळी पडलेली, आणि एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलेलं. गावाच्या मानकऱ्यांनी, ज्यांना मी काका म्हणायचो, तो माझ्या हातात ठेवला आणि बजावलं, "जसा हाय तसाच दुसरा कर. डोकं चालवू नको."

मी तो त्यांच्याच ओटीवर पसरला. दर्शनी अंगाला मधोमध अंबारीचा हत्ती. त्याचे पाय मोजले. पुन्हा मोजले. मागं दोन, पुढं तीन.

"काका, ह्याला पाच पाय हायत."

"मग?"

"हत्तीला चार असतात."

"तो देवीचा हत्ती हाय. सर्कशीतला न्हाय."

बोलणं संपलं. पण माझं डोकं गप्प बसेना. घरी येऊन मी गलेफाचं अस्तर उसवलं आणि उलटी बाजू बघितली. जरीच्या कामाचं असं असतं, की जर कापडातून ओवत नाहीत. ती वरच्या वर मांडायची आणि रेशमाच्या दोऱ्यानं बांधून घ्यायची. म्हणजे वरची जर झिजून गेली तरी सुईची भोकं कापडात राहतात, आणि मागल्या बाजूला रेशमाचे तुकडे अडकून राहतात. मी ती भोकं दिव्याच्या काजळीनं हलकेच चोळून उठवली, तर हत्तीच्या पुढ्यात एक माणूस निघाला! पागोटं, कमरेचा शेला, हातात भाला. भालदार. सगळा झिजून गेलेला, एक पाय तेवढा उरला होता. तो पाय मागं कुणा शहाण्यानं हत्तीचाच समजून जाड जरीनं भरून टाकला होता. दोरा वेगळा, टाका वेगळा, हात वेगळा. आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बायकोला हाक मारून दाखवलं. ती पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "अवो, त्यांनी सांगितलंय तसं करा. माणूस-बिनूस काढत बसू नका."

मी ऐकलं नाही. पोफळीच्या फळ्यांची चौकट केली, मुंबईहून नवी लाल बनात मागवली, ती चौकटीवर ताणली. कागदावर चित्र काढून रेषेरेषेनं सुईची भोकं पाडली आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वर थापटून नक्षी कापडावर उतरवली. दिवाळीनंतर बसलो तो महाशिवरात्रीपर्यंत. दोऱ्याला मेण लावून लावून अंगठ्याची कातडी निघाली. समुद्राच्या हवेनं जर काळी पडू नये म्हणून रोजचं काम चौकटीवरून सोडवून कोरड्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवायचो. त्यावरून बायको रोज ओरडायची. पण हत्ती असा उतरला की सोंड हलेल असं वाटावं. चार पायांचा हत्ती, आणि पुढ्यात माझा भालदार, मिशा पिळलेला.

देवळात गावकी बसली. मी गलेफ उलगडला. सगळे वाकून बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता तोंडातून शब्द फुटत नाहीत लोकांच्या.

मग एक जण म्हणाला, "हत्ती लंगडा केलान."

"लंगडा कसा? चार पाय हायत की!"

"व्हय, एक कमी."

मी जुन्या गलेफाची उलटी बाजू दाखवली, भोकं दाखवली, भालदाराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी माना हलवल्या, आणि मला वाटलं पटलं. तेवढ्यात वरच्या आळीतला एक जण पुढं वाकून विचारतो, "ह्याचं पागोटं कुठल्या आळीचं?"

झालं! खालच्या आळीचे म्हणाले, पागोट्याचा पीळ उजवा हाय, म्हणजे आमचा पूर्वज. वरच्या आळीचे म्हणाले, भाला आमच्याकडे असायचा, तुमच्याकडे कोयते. कुणी म्हणालं, देवीपुढं तुमचा माणूस चालणार तर आम्ही खांदा देणार न्हाय. मी ओरडून सांगत होतो, "अरे, तो कुणाचाच न्हाय! जरीचा हाय तो!" कोण ऐकतो? शेवटी काकांनी काठी आपटली. "माणूस काढून टाक. भांडण नको."

"आणि पाय?"

"पायाचं देवीला विचारू."

आमच्याकडे असं अडलं की कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, "बाय माझे, चार पायांचा हत्ती तुला चालंल का?" आम्ही हात जोडून बसलो. थोड्या वेळानं उजवी पडली. पडली, सगळ्यांनी बघितली!

मी उठून उभा राहिलो. काका म्हणाले, "खाली बस. वाऱ्यानं पडली."

परत लावला. परत उजवी. "पाकळी सुकी व्हती," काका म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी गुरवाला प्रश्नच फिरवायला लावला, "पाच पायांचा चालंल का?" तेव्हाही उजवीच पडली. देवीला काय, सगळंच चालत होतं. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "दिला कौल."

माझ्या अंगाची जी आग झाली ती आज लिहितानाही होते. महिनाभराचा भालदार मी माझ्या हातानं उसवला. उसवलेली जर परत सरळ होत नाही, तिच्या वळ्या तशाच राहतात. ती मूठभर वळ्यांची जर मी डबीत ठेवली. ती अजून आहे.

आता पाय. हत्ती तर पुरा झालेला, त्याच्यात पाय घुसवायला जागा नाही. मी वेगळ्या बनातीच्या तुकड्यावर पाय भरला. खाली कापूस घालून फुगीर केला, नखंसुद्धा काढली. काम चोख. पण तो गलेफावर लावताना मी मेण लावलेलं रेशीम घेतलं नाही. साधा कच्चा दोरा घेतला आणि आठ सैल टाक्यांत टाचला. मला गावकीशी भांडायचं नव्हतं. मला देवीकडून पाय टाकून घ्यायचा होता. नाचता नाचता गळाला की सगळ्या गावादेखत म्हणणार होतो, बघा, दोनदा सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीत, आता तिनंच टाकला.

बायकोनं दोरा बघितला. "हा कच्चा हाय," ती म्हणाली.

"तू गप्प बस."

शिमगा आला. पालखीवर गलेफ चढला. उन्हात अशी झळाळली जर, की बाया तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. माझ्यावर खोकणारे माझ्याकडे बघून मान हलवून गेले. दुपारी देवळापुढच्या मोकळ्या जागेत पालखी नाचायला लागली. खालू बाजा वाजतोय, चौघे खांदेकरी घामानं निथळताहेत, पालखी एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. मी पहिल्या रांगेत उभा राहून पायाकडे बघत होतो. एक टाका गेला. दुसरा गेला. पाय लोंबायला लागला. मग पालखीनं एक गिरकी घेतली आणि तो उडून थेट काकांच्या पायाशी पडला.

बाजा थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका वाकले. त्यांनी पाय उचलला, उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेऊन तुटका दोरा बघितला.

"टाका कच्चा," काका म्हणाले. "नाटकातली शिवण. पडदा पडेपर्यंत टिकायची."

काय हसले लोक! खालची आळी आणि वरची आळी एकत्र हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. "नाटकवाले, हत्तीला लंगडी घालायला लावलीत!" एक जण ओरडला. देवीनं पाय टाकला हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. हत्ती चार पायांचा बरोबर दिसत होता, तिकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी बघितला तो दोरा. आणि मी काय सांगणार? मुद्दाम कच्चा घातला म्हणून? देवीच्या कापडात लबाडी केली म्हणून? काकांनी पाय माझ्या हातात दिला आणि पालखी पुढं गेली.

घरी आलो तर बायको चुलीपुढं बसली होती. तिला सगळं कळलं होतं. "आता सांगा की गावाला, मुद्दाम टाचला व्हता."

मी पाय डबीशेजारी ठेवला.

"हत्तीला चार पाय का पाच, ते तुमचं खरं असंल," ती भाकरी उलटत म्हणाली. "पण टाका कच्चा व्हता, हे त्यांचं खरं हाय."

मला तिचा इतका राग आला की मी जेवलो नाही. हत्तीचे पाय चारच असतात, हे मी आजही कुणापुढंही सांगेन. पण माझा टाका कच्चा, असं म्हणणारा माणूस गावात हिंडतोय, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी घरोघर निघायच्या आधी मी देवळात गेलो. काका आणि गुरव आले होते. मी कुणाशी न बोलता पालखीपुढं मांडी घातली, दुहेरी रेशमाला मेण लावलं आणि पाचवा पाय त्याच्या जागेवर ठेवून काठाकाठानं शिवायला बसलो. जिथं तीन टाके पुरतात तिथं नऊ घातले. खालून गाठ मारली, गाठीवर गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि काकांकडे बघितलं. त्यांनी वाकून पाय दोन बोटांत धरून ओढला.

"असं न्हाय काका," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी ओढा."