दोन किलोमीटर, पावसाळ्यात

दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम आणून आपल्या प्रोग्रामात बसवायचा, याचा मला पहिल्यापासून राग होता. मी राजुऱ्याची. आयत्या बिळावरच्या नागोबाला आमच्या घरात कोणी मान दिला नाही. चंद्रपूरला आमच्या सरांनी दोन खोल्यांत सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. तिथे मी नोकरीला लागले तेव्हा नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं, आणि साधं तारखेचं कॅलेंडर स्क्रीनवर दाखवायचं असलं तरी ते मी स्वतः काढायची. सर म्हणायचे, ही मुलगी चहा करायचा म्हटला तर आधी ऊस लावेल.

अहेरीच्या बाजूला एक लहानशी संस्था दवाखाना चालवायची. त्यांच्यासाठी आम्ही एक प्रोग्राम केला होता आणि त्याची रचना माझी होती, म्हणून तिचा मला फार अभिमान. मुख्य प्रोग्राम अगदी छोटा. तो उघडला की ‘प्लगइन’ नावाच्या फोल्डरमध्ये डोकावायचा आणि तिथे जे तुकडे सापडतील ते आपल्या मेनूत लावून घ्यायचा. रुग्णांच्या नोंदीचा एक तुकडा, रक्ततपासणीचा दुसरा, औषधांच्या साठ्याचा तिसरा. नवं काही हवं असेल तर नवा तुकडा त्या फोल्डरमध्ये टाकायचा, जुन्यांना हात लावायचा नाही.

एप्रिलमध्ये त्या दवाखान्याचे डॉक्टर चंद्रपूरला आले. त्यांना नकाशा हवा होता. भामरागडकडचे रस्ते पावसाळ्यात बंद पडतात, आणि तापाचा, म्हणजे मलेरियाचा, जोर नेमका तेव्हाच. म्हणून पाऊस लागायच्या आधी गावांत गोळ्यांच्या पेट्या ठेवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. पेट्या बारा होत्या आणि गावं-पाडे त्याच्या कितीतरी पट. एका पेटीवर आसपासची चार-पाच गावं भागवायची. कुठल्या गावाने कुठल्या पेटीकडे जायचं हे प्रोग्रामने सांगावं, एवढीच त्यांची मागणी.

“नकाशा मी काढते,” मी म्हटलं.

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टेबलावर एक सीडी ठेवली. तिच्यात नकाशे दाखवणारी एक तयार लायब्ररी होती. कुठल्या तरी परक्या देशातल्या कोणी तरी लिहून ठेवलेला तयार माल, आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचा. मी दोन दिवस सरांशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी रागारागातच ती लायब्ररी माझ्या प्लगइनला जोडली. तिच्यासोबत नमुना म्हणून कुठल्याशा बेटाचा नकाशा होता. तो काढून टाकला आणि सरकारी नकाशावरून टिपलेली आमची गावं आणि नद्या भरल्या. माझ्या स्वतःच्या ओळी फार तर वीस-पंचवीस असतील. बटण दाबलं. पांढऱ्या पडद्यावर आधी इंद्रावती उमटली, मग बारीक बारीक नाले, आणि मग गावांचे ठिपके एकदम. माउसचं चाक फिरवलं तर गावं जवळ येत होती, लांब जात होती. ज्या माणसाने हे लिहिलं त्याने भामरागडचं नाव उभ्या जन्मात ऐकलं नसणार, आणि तरी त्याच्या हातून भामरागड माझ्यासमोर उभं राहिलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सर मागे उभे होते, त्यांना मात्र मी म्हटलं, “बरा आहे.”

लायब्ररीत जवळचा ठिपका शोधून देण्याचीही सोय होती. एक गाव द्या आणि पेट्यांची यादी द्या, सर्वांत जवळची पेटी ती सांगायची. माझं निम्मं काम फुकटात झालं.

मे महिन्यात सामान घेऊन अहेरीला गेले. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर माझं प्लगइन टाकलं, प्रोग्राम उघडला, तर मेनूत नकाशाचं नावच नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही. इथेच घोडं पेंड खायला लागलं. दीड तास त्या यंत्राला शिव्या घातल्यावर लक्षात आलं की लायब्ररीच्या फायली फक्त माझ्या चंद्रपूरच्या मशीनवर आहेत. मी इकडे नुसतं प्लगइन उचलून आणलं होतं, आणि जे प्लगइन उघडत नाही ते निमूटपणे वगळायचं, हा शहाणपणा मुख्य प्रोग्राममध्ये मीच घातला होता. सीडी पिशवीत होती म्हणून वाचले.

नकाशा चालू झाला तरी माझा त्या परक्या मालावर पूर्ण विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पेट्यांची गावं पाहायला निघाले, त्यांच्या जीपमध्ये मीही बसले. आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या बरंच अलीकडे, पेटीसाठी ठरलेलं एक गाव होतं. त्याच्या पलीकडे सात घरांचा एक पाडा. लायब्ररीच्या हिशोबाने अंतर दोन किलोमीटर. मी म्हटलं, चालून बघते. वाटेत वाळूने भरलेलं एक रुंद पात्र लागलं. त्यातल्या एका खडकावर बसून मी तेंदूची पिकलेली टेंभरं खाल्ली, बिया थुंकल्या आणि अर्ध्या तासात पाड्यावर पोचले. लायब्ररी खरं बोलत होती. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात पहिल्यांदा हात जोडले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात यादी छापली. कुठल्या पाड्याने कुठल्या पेटीकडे जायचं, ओळीने सगळं. डॉक्टर खूश झाले. चार दिवसांनी जीप पेट्या घेऊन निघणार होती.

दवाखान्यात एक जुने कार्यकर्ते होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. वीस-पंचवीस वर्षं सायकलीने आणि पायी हिंडून ते लोकांच्या बोटांतून रक्ताचे थेंब काचेवर घेत आले होते. त्या काचेच्या तपासणीत मलेरिया निघाला की चिठ्ठीवर नावापुढे लाल पेन्सिलीने खूण व्हायची, आणि ती चिठ्ठी घेऊन गोळ्या द्यायला पुन्हा भाऊच जायचे. तिथल्या आदिवासींची माडिया बोली त्यांना घरच्यासारखी यायची. सकाळी त्यांनी माझी यादी हातात घेतली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

“बाई, एक विचारू? ह्या मशीनले नदी दिसते का नाई?”

“दिसते की. ही बघा, निळी.”

“मंग ह्या पाड्याच्या लोकायले त्या गावच्या पेटीवर काऊन पाठवून राह्यली? मंधात नाला हाये.”

तोच पाडा, सात घरांचा. मी जरा ताठ्यातच म्हटलं, “भाऊ, दोनच किलोमीटर आहे. मी परवा स्वतः चालून आले.”

“परवा हाये ना दोन,” ते शांतपणे म्हणाले. “परवा तर मी बी गेलो असतो बिडी पीत. आषाढात तो पाडा दोन किलोमीटरवर रायत नाई, बाई. कुठीच रायत नाई.”

ते खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“मागच्या साली मी ह्या काठावर होतो. चार दिवस. खिशात चिठ्ठी होती लाल पेन्सिलीची, गोळ्या बी होत्या. पोरगी होती सात-आठ वर्साची, त्या पाड्यातली. तिच्या बोटातून रक्त मीच घेतलं होतं. हासून राह्यली होती तवा. पाणी उतरलं, मी गेलो. तिले पुरून दोन दिवस झाले होते.”

ज्या वाळूतल्या खडकावर बसून मी बिया थुंकल्या होत्या, तोच नाला. माझ्या मनात तो नाला म्हणून आलाही नव्हता. सरकारी नकाशावरून त्याची रेघ मीच टिपली होती, पण लायब्ररीच्या लेखी ती वर काढलेली नुसती निळी रेघ. अंतर लायब्ररी एका गावापासून दुसऱ्यापर्यंत सरळ मोजायची, पक्षी उडतो तसं. आणि मी, चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेली, उन्हाळ्यात चालून बघून तिच्यावर शिक्का मारून आले होते. परक्या माणसाला काय नावं ठेवायची?

“भाऊ, मला सगळे नाले सांगा,” मी म्हटलं.

ते खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. मी लिहीत होते. कुठला नाला एका पावसात भरतो, कुठला तीन दिवसांच्या झडीशिवाय हलत नाही. कुठला तासाभरात उतरतो, कुठला नदीच्या पाण्याने मागे रेटल्यामुळे आठ-आठ दिवस फुगून राहतो. कुठे डोंगा, म्हणजे लाकडी होडी, असतो, कुठे असला तरी नावाडी तो पाण्यात घालत नाही. कुठल्या दोन पाड्यांमध्ये कोसभर रान आहे, पण वाट उंचावरून असल्यामुळे भर श्रावणातही बाया सरपण घेऊन येतात-जातात. एकदाही ते अडखळले नाहीत, एकदाही त्यांनी नकाशाकडे पाहिलं नाही. दुपारचं जेवण राहून गेलं. मी लिहिता लिहिता मधेच थांबून त्या वाळलेल्या, कानावर केस वाढलेल्या माणसाकडे बघत राहायची. एवढं पाणी एका माणसाच्या डोक्यात कसं मावलं असेल? शाळा त्यांनी चौथीत सोडली होती.

आता हे लायब्ररीच्या गळी उतरवायचं कसं? तिच्या पोटात शिरून काही बदलायची सोय नव्हती, तिचा कोड बंद होता. मी सोबतची मदतीची फाईल उघडून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आधीच वाचली असती तर, पण रागात कोण वाचतं! आणि शेवटाकडे, कोणी सहसा जाणार नाही अशा पानावर, चार ओळी सापडल्या. त्यांचा अर्थ असा होता: जवळचा ठिपका शोधताना अंतर आम्ही सरळ रेषेत मोजतो. तुमच्याकडे ते वेगळ्या रीतीने मोजलं जात असेल, तर मोजण्याचं काम तुम्ही लिहिलेल्या तुकड्याकडे, तुमच्या फंक्शनकडे द्या, आम्ही त्यालाच विचारू.

मी ते पान तीनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या कोणाला तरी ठाऊक होतं की आपल्याला सगळं ठाऊक नाही. आपण कधी पाहणार नाही अशा मुलखात आपल्यापेक्षा जास्त कळणारा कोणी असेल म्हणून त्याने एक जागा रिकामी सोडली होती. आमचे भाऊ नेमके त्या जागेत बसत होते. मी स्वतः ती लायब्ररी लिहिली असती, तर अशी जागा मी सोडली नसती. मला सगळं येतं, या तोऱ्यात मी ती बुजवून टाकली असती.

एका दिवसात छोटंसं नवं प्लगइन तयार झालं. लायब्ररीने दोन गावांमधलं अंतर विचारलं की ते आधी भाऊंच्या यादीत बघायचं. मधे फुगणारा नाला असला तर उत्तर द्यायचं: पोचता येत नाही. नवी यादी छापली तेव्हा पाच पाड्यांच्या पेट्या बदललेल्या होत्या. सात घरांच्या त्या पाड्यापुढे कुठल्याच गावाचं नाव नव्हतं. तो कोणाच्याच जवळ नव्हता.

डॉक्टरांनी त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. मग पावसातही चालू राहणाऱ्या डांबरी रस्त्यावरच्या एका गावाची पेटी त्यांनी काढली आणि त्या सात घरांना दिली. भाऊ स्वतः ती घेऊन गेले. पाड्यातल्या एका बाईला त्यांनी गोळ्या कशा द्यायच्या ते शिकवलं: ताप चढला की तपासणीची वाट बघायची नाही.

श्रावणात दवाखान्याचं दुसरं एक काम निघालं आणि मी पुन्हा अहेरीला गेले. भाऊ अस्वस्थ होते. पाणी चढायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या पाड्यातून रक्ताच्या काचा आणल्या होत्या. त्यांतल्या पाच जणांना मलेरिया निघाला होता. त्याला आता नऊ दिवस झाले होते आणि नाला उतरला नव्हता. सकाळी उजाडल्यावर ते नाल्याकडे निघाले. मीही येते म्हटलं, ते नको म्हणाले नाहीत.

तो माझा खडक कुठे होता ते मला सापडलं नाही. लाल, गढूळ पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आवाज करत चाललं होतं, त्यातून आख्खं झाड मुळांसकट गेलं. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते आणि एवढी थक्कही झाले नव्हते. भाऊंनी तोंडापाशी हात धरून लांब हाळी दिली. पुन्हा दिली. बऱ्याच वेळाने पलीकडे माणसं दिसायला लागली. शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं. भाऊंनी पाच बोटं वर केली आणि कपाळाला हात लावून तापातली माणसं कशी आहेत ते विचारलं.

पलीकडच्या लोकांत हालचाल झाली. एक म्हातारा पुढे आला, काठावर एकटा उभा राहिला. मग एक बाप्या. मग दोन बाया. ज्यांना ताप होता ते पुढे येऊन उभे राहत होते, आपण उभे आहोत हे दाखवायला. चार झाले. भाऊंचे ओठ हलत होते. पाचवं कोणी येईना. भाऊंनी बोटं खाली घेतली नव्हती.

मग मागून एक बाई कमरेवर पोर घेऊन आली. काठाशी आल्यावर तिने त्याला खाली ठेवलं. ते पोर जरा डुललं आणि आपल्या पायांवर उभं राहिलं.

भाऊंनी हात खाली घेतला. खिशातली लाल खुणांची चिठ्ठी त्यांनी बाहेर काढली, ओल्या हाताने तिच्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवली. समोरून पाणी तसंच चाललं होतं.

“यंदा पोचलो, बाई,” ते म्हणाले.